आतून गुलाबी म्हणजे ताजा? बर्गरविषयीच्या एका संदेशाला उत्तर

फास्ट फूडच्या साखळ्या बर्गर कसा शिजवतात आणि त्यापायी त्याची चव व दर्जा कसा बिघडतो, हे उघडकीस आणल्याचा आव आणणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तो अनेकांकडून आला आणि दर वेळी मी तो न वाचताच पुसून टाकला. परंतु माझ्या वहिनीने तो पाठवताना खाली स्वतःची एक ओळ जोडली, की यापुढे मुलांसाठी घरी बर्गर केला तर पॅटी, म्हणजे बर्गरमधली खिम्याची चपटी टिक्की, आतून गुलाबीच ठेवणार. त्यानंतर मात्र तो शेवटपर्यंत वाचणे आणि त्याला उत्तर देणे भाग पडले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्वाळेवर भाजलेला बर्गर तेवढा अस्सल आणि आरोग्याला चांगला, तव्यावरचा म्हणजे तेलात तळलेला. मांस प्रखर आचेवर बाहेरून भाजून घेतले की रस आत कोंडला जातो, म्हणून पॅटी एकदाच उलटावी. साखळ्यांची दोन्ही बाजूंनी दाबणारी यंत्रे हा रस पिळून काढतात. त्यांचे मांस गोठवलेले, म्हणून निकृष्ट. किंबहुना ते मांसच नव्हे. त्यांचा बर्गर वर्षानुवर्षे सडत नाही, म्हणजे त्यात रसायने भरलेली आहेत. आणि मांसाचा शिळेपणा लपवण्यासाठीच ते पॅटी आतपर्यंत शिजवतात; चांगल्या, ताज्या मांसाची पॅटी आतून गुलाबी असलीच पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा संदेशात जाता जाता सांगितल्यासारखा येतो. मी त्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास ठेवल्याने फार तर एखादे जेवण बिघडेल. या मुद्द्यावर विश्वास ठेवल्याने एखादे मूल रुग्णालयात जाऊ शकते.

संदेशकर्त्याचा युक्तिवाद असा, की नामांकित उपाहारगृहांत स्टेक, म्हणजे मांसाचा अखंड जाड काप, आतून लालसर ठेवूनच वाढतात, मग बर्गरच तेवढा आतपर्यंत शिजवण्याचे कारण काय? कारण एकच आहे आणि मांस ताजे की शिळे याच्याशी त्याचा संबंध नाही. जनावर कापताना कातडीवरचे किंवा आतड्यांतले जिवाणू मांसाला लागले, तर ते त्याच्या पृष्ठभागावर राहतात. अखंड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत ते सहसा पोचत नाहीत. स्टेकचा पृष्ठभाग खरपूस भाजला की धोका बहुतांशी तिथेच संपतो आणि आतला भाग लालसर राहिला तरी निभावते. खिमा करताना मात्र हाच पृष्ठभाग यंत्रातून जाऊन सगळ्या मांसात मिसळतो, जे बाहेर होते ते पॅटीच्या मध्यभागी जाऊन बसते, आणि मोठ्या प्रमाणावर केलेल्या खिम्यात तर अनेक जनावरांचे मांस एकत्र आलेले असते. स्टेकचा नियम बर्गरला लावणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो इतक्या आत्मविश्वासाने लिहिला गेल्यामुळे अधिकच घातक ठरतो.

याची किंमत काय असते, हे फास्ट फूडच्या इतिहासातच नोंदलेले आहे. 1982 साली अमेरिकेतील ऑरेगन आणि मिशिगन या राज्यांत रक्ती जुलाबांची साथ आली, तिचा माग बर्गरपर्यंत पोचला, आणि ई. कोलाय जिवाणूचा ओ157:एच7 हा प्रकार माणसाला असा आजार देतो हे तेव्हा प्रथम ओळखले गेले. पुढे 1993 च्या आरंभी 'जॅक इन द बॉक्स' या साखळीचे बर्गर खाऊन त्या देशाच्या पश्चिमेकडील राज्यांत 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि 4 मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याने तोपर्यंत असा नियम केलेला होता, की पॅटीचा गाभा किमान 155 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 68 अंश सेल्सिअस, तापला पाहिजे. साखळी मात्र 140 अंश फॅरनहाइट, म्हणजे 60 अंश सेल्सिअस, या जुन्या केंद्रीय मानकाप्रमाणे पॅटी शिजवत होती. या आठ अंश सेल्सिअसच्या फरकात तो जिवाणू जगला. त्याचे विष तांबड्या रक्तपेशी आणि मूत्रपिंडे यांवर घाला घालते, आणि हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम नावाची ही गुंतागुंत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये सर्वाधिक आढळते. ज्यांच्यासाठी पॅटी गुलाबी ठेवण्याचा सल्ला दिला जातो आहे, त्यांच्याच वयाची ही मुले.

त्यानंतर 1994 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने कच्च्या खिम्यातील ओ157:एच7 ला भेसळ ठरवले, म्हणजे तो आढळलेला खिमा विकणेच बेकायदा झाले. घरगुती स्वयंपाकासाठी त्या खात्याची शिफारस खिम्याचा गाभा 160 अंश फॅरनहाइट, म्हणजे 71 अंश सेल्सिअस, होईपर्यंत शिजवण्याची आहे. तेव्हा साखळ्या पॅटी आतपर्यंत शिजवतात ती शिळेपणा झाकण्यासाठी, हा आरोप वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. त्या तशी शिजवतात, कारण एका साखळीने तशी शिजवली नव्हती. शिवाय शिळ्या मांसाचा वास आणि खवटपणा जास्त शिजवल्याने जात नाही, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. संदेशकर्ता तिथे फारसा वावरत नसावा.

याहून खोल चूक रंगाविषयी आहे. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो, आणि ते शिजताना तपकिरी होते हे खरे. परंतु ते कोणत्या तापमानाला तपकिरी होईल हे ठरलेले नसते. खिमा हवेत राहून मायोग्लोबिनचे आधीच ऑक्सिडीकरण झालेले असेल, तर पॅटी पुरेशी तापण्याआधीच आतून तपकिरी दिसू लागते. अमेरिकेचे कृषी खाते सांगते, की संशोधनानुसार दर चार बर्गरांपैकी एक सुरक्षित तापमान गाठण्यापूर्वीच मध्यभागी तपकिरी झालेला असतो. उलट मांसाची आम्लता कमी असेल, तर पूर्ण शिजूनही गुलाबी छटा टिकून राहू शकते. म्हणजे गुलाबी रंग ताजेपणाचा पुरावा नाही आणि तपकिरी रंग शिजल्याचाही पुरावा नाही. खरा पुरावा एकच, आणि तो म्हणजे पॅटीच्या बाजूने आडवा, थेट मध्यापर्यंत खुपसलेला थर्मामीटर. वरून उभा खुपसला, तर पातळ पॅटीत त्याचे टोक तव्याच्या धगीचे तापमान दाखवते आणि आपण उगाच निश्चिंत होतो.

या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. आतून गुलाबी पॅटी अधिक रसाळ लागते. मांसातील मायोसिन हे प्रथिन 50 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागते, 60 अंशांच्या पुढे कोलॅजन या प्रथिनाचे आवरण आकसून तंतूंना पिळते, आणि 70 अंशांच्या जवळपास अॅक्टिन हे आणखी एक प्रथिनही घट्ट झाले की उरलासुरला रस बाहेर पडून पॅटी कोरडी व वातड होऊ लागते. म्हणजे सुरक्षिततेची रेषा आणि कोरडेपणाची रेषा दुर्दैवाने अगदी शेजारी आहेत. परंतु त्यावरचा उपाय तापमान उतरवणे हा नव्हे. खिम्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी चरबी असू द्यावी, तो जाडसर दळलेला असावा, पॅटी हलक्या हाताने थापावी, आणि मीठ खिम्यात मळून न घालता तव्यावर टाकण्याच्या वेळी वरून भुरभुरावे. मीठ आधी मळले, तर ते मायोसिन विरघळवते, खिमा चिकट होतो आणि बर्गरचा सॉसेज बनतो. इतके पाळले, तर 71 अंशांची पॅटीही खाणाऱ्याला कोरडी वाटत नाही, कारण तोंडाला रसाळपणा म्हणून जे जाणवते त्यात पाण्याइतकाच वाटा वितळलेल्या चरबीचा असतो.

आता रस कोंडण्याच्या दंतकथेकडे वळू. ही कल्पना 19 व्या शतकाच्या मध्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग याने मांडली आणि ती केव्हाच खोटी ठरली आहे, तरी पाककृती सांगणारे लोक ती सोडायला तयार नाहीत. खरपूस पापुद्रा जलाभेद्य नसतो. पॅटी तव्यावर टाकल्यावर जो चरचर आवाज येतो, तो बाहेर आलेल्या रसाची वाफ होण्याचाच आवाज आहे, आणि पापुद्रा धरल्यावरही तो थांबत नाही. रस आत कोंडला गेला असता, तर तवा गप्प झाला असता. ज्याला शंका असेल त्याने सारख्या वजनाच्या दोन पॅटी घ्याव्यात, एक प्रखर आचेवर आणि एक बेताच्या आचेवर गाभ्याच्या एकाच तापमानापर्यंत शिजवाव्यात आणि पुन्हा वजन करावे. प्रखर आचेवरची अधिक जड भरत नाही.

मग खरपूस भाजायचे कशासाठी? चवीसाठी, आणि ते कारण पुरेसे आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने 1912 साली अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील ज्या अभिक्रियेचे वर्णन केले, तिच्यातून भाजलेल्या मांसाचा रंग व खमंगपणा येतो. ही अभिक्रिया साधारण 140 अंशांच्या पुढे वेगाने होते, तर पाणी 100 अंशांना उकळते. म्हणून पृष्ठभाग ओला आहे तोवर तो तपकिरी होतच नाही, नुसता करडा पडून वाफेवर शिजतो. बर्गरच्या चवीविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही की चव पृष्ठभाग किती कोरडा झाला आणि धातूला किती टेकला यावर ठरते, तर सुरक्षितता गाभ्याच्या तापमानावर. संदेशकर्त्याने या दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे, आणि त्याचे जवळजवळ सगळे घोटाळे तिथूनच निघतात.

पॅटी एकदाच उलटावी हा सल्लाही त्यातलाच. 2000 साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी खिम्याच्या पॅटी वेगवेगळ्या तापमानाच्या तव्यांवर शिजवल्या. काही मध्येच एकदा उलटल्या, काही दर मिनिटाला. दर मिनिटाला उलटलेल्या पॅटीचा गाभा ठरलेल्या तापमानाला लवकर पोचला, त्यांतील ई. कोलाय जिवाणू अधिक प्रमाणात मेले, आणि प्रखर आचेवर मांसात तयार होणारी हेटरोसायक्लिक अमाइन्स ही घातक संयुगेही त्यांत कमी आढळली. कारण साधे आहे. एकच बाजू बराच वेळ तापत राहिली, तर ती करपण्याच्या दिशेने जाते आणि वरची बाजू तोवर निवत असते. वारंवार उलटल्याने दोन्ही बाजूंची धग गाभ्याकडे सारखी जाते. एकाच प्रयोगाने वेळ, जिवाणू आणि करपणे या तिन्ही अंगांनी तो सल्ला निकालात काढला आहे. एकदाच उलटण्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की शंभर पॅटी सांभाळणाऱ्या आचाऱ्याला ते सोयीचे पडते.

हाच अभ्यास ज्वाळेचे माहात्म्य तपासायलाही उपयोगी पडतो. ज्वाळेवरचा बर्गर आरोग्याला चांगला, कारण चरबी गळून जाते, असे संदेशात म्हटले आहे. चरबी गळते हे खरे. प्रश्न ती गळून कुठे जाते हा आहे. ती खालच्या ज्वाळेवर किंवा तापलेल्या पृष्ठभागावर पडते, जळते, आणि तिचा धूर वर येऊन पॅटीवर बसतो. त्या धुरात पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स असतात, आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. शिवाय ज्वाळेवर पॅटीच्या कडा सहज करपतात, आणि जास्त आच म्हणजे जास्त हेटरोसायक्लिक अमाइन्स, हे लिव्हरमोरच्या पॅटींनी दाखवलेच आहे. महिन्यातून एखादा बर्गर खाणाऱ्याने यावरून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. परंतु जिथे आरोग्याची तुलना करायचीच आहे, तिथे ज्वाळेला झुकते माप देण्याचा आधार कोणता, हे संदेशकर्त्याने सांगितलेले नाही.

आणि तव्यावरचा बर्गर तेलात तळलेला असतो हे तर सपशेल चूक आहे. सपाट तव्यावर पॅटी तिच्याच सुटलेल्या चरबीत शिजते. तेल ओतण्याची गरजच पडत नाही, आणि जादा चरबी तव्याच्या कडेच्या पन्हळीत ओघळते किंवा खरवडून काढली जाते. चवीच्या दृष्टीने तव्याची बाजू उलट भक्कम आहे, कारण पॅटीचा संपूर्ण पृष्ठभाग धातूला टेकतो आणि सगळीकडे सारखा पापुद्रा धरतो, तर जाळीवर फक्त सळयांच्या रेषा धातूला टेकतात आणि मधला भाग ज्वाळेच्या उष्णतेने, तुलनेने हळू, भाजला जातो. ज्वाळेची म्हणून जी वेगळी, धुरकट चव आपल्याला आवडते, ती ज्वाळेची नसतेच. ती त्याच गळून जळलेल्या चरबीच्या धुराची असते. ज्या धुराने चव येते त्यानेच संयुगेही येतात, त्यामुळे एक ठेवून दुसरे टाळण्याची सोय नाही.

प्रत्यक्षात साखळ्यांच्या पद्धती 'अस्सल' आणि 'नकली' अशा दोन खणांत बसतच नाहीत. 'बर्गर किंग'ने 1950 च्या दशकापासून सरकत्या पट्ट्यावरून पॅटी ज्वाळांमधून नेण्याचे यंत्र वापरले आणि त्याचीच जाहिरात केली. तिथे धुराची चव मिळते, पापुद्रा कमी. 1969 साली सुरू झालेल्या 'वेंडीज'ने सपाट तवा आणि चौकोनी पॅटी पत्करली. 'इन-एन-आउट' आणि 'फाइव्ह गाइज' यांचाही तवाच आहे, आणि बर्गरचे शौकीन त्यांची गणना उत्तम साखळ्यांत करतात. ज्वाळ हीच गुणवत्तेची खूण असती, तर हे कसे घडले असते? सगळ्यांत मजेशीर उदाहरण 1921 साली अमेरिकेतील विचिटा येथे सुरू झालेल्या 'व्हाइट कॅसल'चे. तिथली पातळ, पाच भोकांची चौकोनी पॅटी कांद्याच्या थरावर ठेवून त्याच्या वाफेवर शिजते, आणि ती उलटतच नाहीत. खरपूस पापुद्रा तिला जवळपास नसतोच. मायारच्या दृष्टीने ही पॅटी नापास व्हायला हवी. तरी कित्येक दशके लोक ती खात आहेत, कारण तिची चव कांद्याने भरलेली वाफ आणि ती शोषून मऊ झालेला बन यांत आहे. मला स्वतःला वाफेवरची पॅटी रुचत नाही, पण तो माझ्या जिभेचा प्रश्न झाला.

दाबणाऱ्या यंत्रांविषयीचा आरोप अर्धा खरा आहे. मोठ्या साखळ्यांत आता वरून झाकणासारखा दुसरा तापलेला तवा खाली येतो आणि पॅटी दोन्ही बाजूंनी एकदम शिजते. पातळ पॅटीला मिनिटही लागत नाही. यात नफेखोरांचा नवा शोध शोधणाऱ्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील 'लुईज लंच' हे जुने उपाहारगृह पाहावे. तिथे 1898 च्या उभ्या लोखंडी गॅसभट्ट्यांत आजही पॅटी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी भाजतात, आणि त्याला कोणी अप्रामाणिकपणा म्हणत नाही. दाब द्यावा की नाही, हे वेळेवर अवलंबून आहे. पॅटी तव्यावर टाकताच पहिल्या अर्ध्या मिनिटात दाबली, तर आतली चरबी अजून घट्ट असते, रस मोकळा झालेला नसतो, आणि दाबल्याचा परिणाम एवढाच होतो की ती तव्याला नीट चिकटून उत्तम पापुद्रा धरते. 'स्मॅश' बर्गरची सगळी किमया हीच. अर्धी शिजलेली, रस सुटलेली पॅटी कालथ्याने दाबणारा मात्र खरोखरच ती पिळत असतो, आणि असे आचारी यंत्र नसलेल्या ठिकाणीच जास्त दिसतात. साखळीची पातळ पॅटी कोरडी लागते, त्याला दाबापेक्षा तिची जाडी अधिक जबाबदार आहे. इतक्या पातळ मांसात बाहेरचा पापुद्रा धरेपर्यंत आत काही राखून ठेवायला जागाच उरत नाही.

गोठवलेल्या मांसाविषयीही संदेशकर्त्याला थोडे श्रेय द्यावे लागेल. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात, ते तंतू फाडतात, आणि वितळताना रस गळतो. परंतु हे नुकसान स्फटिकांच्या आकारावर ठरते. कारखान्यात अतिथंड हवेच्या झोताने किंवा द्रवरूप वायूने पॅटी झपाट्याने गोठवतात, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात; घरच्या फ्रीझरमध्ये खिमा तासन्‌तास हळूहळू गोठतो आणि स्फटिक मोठे होतात. म्हणजे 'घरी आणून फ्रीझरमध्ये ठेवलेला ताजा खिमा' हा कारखान्यातल्या पॅटीहून सरस असेलच असे नाही. तरीही न गोठवलेल्या मांसाचा बर्गर चांगला लागतो, हे मान्य. 'मॅक्डॉनल्ड्स'ने 2018 साली अमेरिकेतील बहुतेक शाखांत पाव पौंडाच्या बर्गरसाठी न गोठवलेले मांस वापरायला आणि ते मागणी आल्यावरच शिजवायला सुरुवात केली, यातच सारे आले.

ते मांसच नव्हे, हा आरोप मात्र झटकून टाकण्याजोगा आहे. अमेरिकेच्या नियमानुसार 'हॅमबर्गर' या नावाने विकल्या जाणाऱ्या खिम्यात 30 टक्क्यांहून अधिक चरबी चालत नाही, आणि पाणी, फॉस्फेट, पीठ किंवा अन्य भर घालता येत नाही. 2012 साली ज्या 'पिंक स्लाइम'वरून तिथे गदारोळ झाला, तेही गोमांसाच्या कापातून चरबी वेगळी काढून जिवाणू मारण्यासाठी अमोनियाची प्रक्रिया केलेले मांसच होते. त्याविषयी किळस वाटणे समजू शकते, आणि मोठ्या साखळ्यांनी त्याचा वापर तोवर सोडलाही होता. पण 'मांस नव्हे' हे त्याचेही वर्णन होत नाही.

न सडणाऱ्या बर्गरचे कोडे तर 2010 सालीच सुटले आहे. पाककला-लेखक जे. केन्जी लोपेझ-आल्ट यांनी साखळीचे बर्गर आणि त्याच आकाराचे घरगुती बर्गर शेजारी शेजारी उघडे ठेवले. घरगुती बर्गरही सडले नाहीत. पातळ पॅटीतले पाणी तव्यावर बरेचसे निघून जाते, उरलेले उघड्या हवेत आटते, आणि पाण्यावाचून बुरशी किंवा जिवाणू वाढत नाहीत. पापड वर्षभर टिकतो तेव्हा आपण त्यात रसायने शोधत नाही.

इतके सगळे लिहिणाऱ्या संदेशकर्त्याच्या नजरेतून निसटली ती गोष्ट, जिच्यामुळे साखळ्यांच्या बर्गरची चव खरोखर घसरते. पॅटी शिजल्यापासून ती तोंडात जाईपर्यंत किती वेळ जातो आणि तो कुठे जातो, याविषयी त्या संदेशात एक शब्द नाही. गर्दीच्या वेळेसाठी पॅटी आधी शिजवून उबदार, दमट कपाटात ठेवल्या जातात. तिथली उष्णता त्यांना सुरक्षित ठेवते, परंतु पॅटीतून निघणारी वाफ कोंडून पापुद्र्यावर बसते आणि मायारच्या अभिक्रियेने महत्प्रयासाने मिळवलेला कोरडा, खरपूस पृष्ठभाग काही मिनिटांत ओला व मऊ होतो. ज्वाळेवरून आलेली पॅटी असो की तव्यावरून आलेली, त्या कपाटात दोघींची गत सारखीच होते. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी आधीच पूर्ण शिजवून थंड केलेल्या पॅटी केवळ गरम करून देतात. शिजवलेले मांस साठवल्यावर, त्यातील लोहाच्या साहाय्याने चरबीचे ऑक्सिडीकरण होऊन, जी शिळी, पुठ्ठ्यासारखी चव येते, तिचे वर्णन टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी 1958 सालीच करून ठेवले आहे, आणि ती चव कोणत्याही सॉसने पूर्ण झाकली जात नाही.

बनचेही तेच. कापलेली बाजू तव्यावर भाजून घेतली, तर ती कोरडी व किंचित कडक होते आणि रस व सॉस शोषून घेण्याचा तिचा वेग मंदावतो. पण असा नीट भाजलेला बनही कागदात घट्ट गुंडाळून दहा मिनिटे ठेवला, तर पॅटीच्याच वाफेने लिबलिबीत होतो. म्हणून साखळीत दर्जा पाहायचा असेल, तर ज्वाळ आहे की तवा हे विचारण्यापेक्षा पॅटी मागणी आल्यावर तव्यावर पडते की कपाटातून निघते, हे विचारावे. कांदा नको, लोणच्याची काकडी नको, अशी वेगळी मागणी केल्याने ताजा बर्गर मिळतो हा समजही अर्धवटच आहे, कारण त्याने जुळणी नवी होते. पॅटी पुष्कळदा त्याच कपाटातली असते.